कुठल्या वेळचं ऊन भिंतीवर लावायचं?

चित्र बघायला बाहेर पडण्याआधी आठवडाभर भिंत बघा. घरासाठी निसर्गचित्र घ्यायचंय, कसं निवडू, असं कुणी विचारलं की मी हेच आधी सांगते. जी भिंत मनात आहे तिचा सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिवे लावल्यावर एकेक फोटो काढा. चारही फोटो शेजारी ठेवून पाहिलेत की लक्षात येईल, आपण जिला पांढरी भिंत म्हणतो ती दिवसभरात चार रंगांची होते. त्या भिंतीवर ऊन कुठून येतं, किती वेळ थांबतं आणि तुम्ही प्रत्यक्ष घरात असता तेव्हा ती कशी दिसते, हे कळल्याशिवाय चित्र निवडणं म्हणजे माप न घेता चोळी शिवायला टाकण्यासारखं आहे.

याचं कारण असं. निसर्गचित्र म्हणजे डोंगर, नदी, झाडं, घाट अशी आपली समजूत असते. पण बाहेर जाऊन रंगवणाऱ्या चित्रकाराच्या हातात दीड-दोन तासच असतात. तेवढ्यात सावल्या सरकतात, पायऱ्यांवरचं ऊन उतरतं आणि जे रंगवायला तो बसला होता ते राहत नाही. त्यामुळे कागदावर उतरतो तो एका जागेचा, एका ऋतूतला, एका वेळचा उजेड. तुम्ही घरी आणता तो तोच.

म्हणून चित्रासमोर उभं राहिलात की आधी सावल्या शोधा. झाडाच्या बुंध्याची कुठली बाजू उजळ आहे? घराच्या कुठल्या भिंतीवर ऊन आहे? चित्रातला उजेड डावीकडून येत असेल आणि तुमच्या भिंतीवरही खिडकीतून डावीकडूनच येत असेल, तर ते चित्र त्या खोलीत पहिल्या दिवसापासून रुळतं. उजेड उलट्या बाजूंनी येत असेल तर चित्र चांगलं असूनही काहीतरी खटकत राहतं आणि का खटकतंय ते सांगता येत नाही. हा काही नियम नाही. मात्र दोन चित्रं सारखीच आवडली आणि निर्णय होत नसेल, तर मी नेहमी याच कसोटीवर निवडते.

आता ऋतू. पुण्या-मुंबईत समोरच्या इमारतीनं उजेड अडवलेले हॉल खूप आहेत. अशा हॉलमध्ये लोक हौसेनं धुक्यातला घाट किंवा पावसाळी आभाळ आणून लावतात. प्रदर्शनात चांगल्या दिव्याखाली त्या करड्या छटा मोहक दिसलेल्या असतात. घरी आल्यावर ते चित्र भिंतीवरच्या डागासारखं दिसू लागतं. अंधाऱ्या खोलीला ठाम ऊन-सावलीचं चित्र हवं: दुपारची गल्ली, उन्हात तापलेली मातीची भिंत, शेजारी गडद सावली. उलट नागपूर-चंद्रपूरकडच्या, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या घरात, पश्चिमेचं ऊन अंगावर घेणाऱ्या खोलीत, ओल्या रस्त्याचं, निळसर-करड्या सकाळचं चित्र डोळ्यांना खरंच थंडावा देतं. कोकणातल्या माणसाला विचारा. चार महिने कौलांवरून पाणी ऐकल्यावर त्याला आणखी पाऊस भिंतीवर नको असतो. माघातलं कोरडं, पिवळं ऊन हवं असतं. तुमच्या खोलीत वर्षातले जास्तीत जास्त दिवस काय कमी पडतं, ते चित्रात शोधा.

आणि सोफ्याच्या रंगाशी चित्राचा रंग जुळवू नका. सोफा दहा वर्षांत बदलतो. चित्र मुलांच्या घरी जातं.

जागा कुठली निवडायची, यावर माझं मत ठाम आहे: जिथली हवा तुमच्या अंगाला लागलेली आहे अशी. एक काळ आपल्या मध्यमवर्गीय हॉलमध्ये बर्फाच्या डोंगराचं आणि लाल-पिवळ्या पानगळीचं पोस्टर असायचंच. ते सुंदरच होतं, पण कुणी त्याच्यासमोर थांबल्याचं मला आठवत नाही. बघितलं आणि पुढे गेलं. याउलट वाईचा घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागची कृष्णा, नाशिकचा गोदाघाट, एखाद्या साध्या खेड्यातली पाराची जागा, या चित्रांसमोर पाहुणे थबकतात. आजोबा म्हणतात, इथे पायऱ्यांवर शेवाळ असायचं. चित्राला आठवण चिकटली की ते जुनं होत नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याकाठी राहून त्याच परिसराची कितीतरी चित्रं केली. पाणी, झाडी, काठ, एवढंच. रोज दिसणाऱ्या जागेत आयुष्यभर पुरेल इतकं असतं, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही मी हेच सांगते. गावाचं नाव सांगून तिथलंच चित्र शोधा, नाहीतर मिळेल त्या चित्रकाराला तुमच्या गावी बसवून करून घ्या.

चित्र चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं, असं विचारताना लोक संकोचतात. संकोचण्यासारखं काही नाही. चित्रकार स्वतः करतात तेच करा. दहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसला जाईल. तरीही गडद, मध्यम आणि उजळ असे तीन-चार मोठे आकार स्पष्ट उरत असतील तर चित्राचा सांगाडा पक्का आहे. सगळं मिळून एक करडा गोळा होत असेल, तर जवळून कितीही कौलं मोजलेली असोत, ते चित्र घराच्या अंतरावरून टिकणार नाही. मग जवळ जा. जलरंगात पांढरा रंग सहसा लावलेला नसतो, कागदाचा पांढरा राखलेला असतो. पाण्यावरची चमक, बगळा, उन्हातलं धोतर या जागा रंग न लावता सोडलेल्या असतात. ते सोडणं जितकं नेमकं, तितका हात सराईत. एकदा रंग लागला की ती जागा परत मिळत नाही, म्हणून जलरंगाच्या चित्रात धाडस दिसतं आणि मला ते फार आवडतं. शेवटी चित्रकाराला विचारा, हे कुठलं, किती वाजताचं, जागेवर केलंत की फोटोवरून. फोटोवरून केलेलं वाईट असतं असं नाही, पण जागेवर बसलेला माणूस त्या दिवशीची हवा सांगू लागतो आणि ती माहिती चित्राबरोबर घरी येते. ती मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून घ्या.

छापील प्रतीबद्दल थोडंच सांगते. हल्ली कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली चित्रं मिळतात. भिंग लावलं तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात, आणि चित्र उजेडात तिरकं धरलं तर फटकाऱ्यांचे उंचवटे खालच्या रंगाशी जुळत नाहीत. छापील आहे हे सांगून विकत असतील तर त्यात गैर काही नाही. पण मोठ्या छापील कॅनव्हासला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात पुष्कळदा एखाद्या तरुण चित्रकाराचं लहान अस्सल जलरंगचित्र येतं. दोन्हींत निवडायचं झालं तर लहान आणि अस्सल घ्या. मोठ्या चित्राआधी केलेले छोटे अभ्यास चित्रकारांच्या फाइलमध्ये पडून असतात. ते मागायला लाजू नका. अनेकदा मोठ्या चित्रापेक्षा तेच ताजे असतात.

मापाचा हिशेब घरी करून जा. जलरंगाचा पूर्ण कागद २२ बाय ३० इंचांचा, अर्धा १५ बाय २२, पाव ११ बाय १५. अर्ध्या कागदाच्या चित्राला चारही बाजूंनी तीन इंचांचा माउंट आणि एक इंचाची पट्टी लावली की ते २३ बाय ३० होतं, हे बरेचजण विसरतात. होणाऱ्या मापाचं वर्तमानपत्र कापून चार दिवस भिंतीवर चिकटवून ठेवा. तीन जणांच्या सोफ्यावर त्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश जागा भरली की डोळ्यांना बरं वाटतं. ती एकाच चित्रानं भरायला हवी असं नाही, एकाच चित्रकाराची दोन पाव कागदाची चित्रं शेजारी छान बसतात.

उंचीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण आपल्याकडची चांगली चित्रं इथेच वाया जातात. देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी उंच लावायच्या, किंचित पुढे झुकवायच्या, खालून मान वर करून पाहायच्या, ही आपली जुनी रीत आहे आणि तसबिरींना ती शोभते. निसर्गचित्रालाही आपण नकळत तीच उंची दिली. पण निसर्गचित्रात क्षितिजाची रेषा असते, आणि ती चित्रकाराच्या डोळ्यांची उंची असते. तो नदीकाठी बसला होता, समोर पाणी पसरलं होतं, पलीकडचा काठ त्याच्या डोळ्यांसमोर होता. तुम्ही ते चित्र सात फुटांवर टांगलंत की ती नदी डोक्यावरून वाहू लागते. क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या आसपास आलं तरच चित्रात खोली जाणवते, आत शिरावंसं वाटतं. पॅसेजमध्ये, जिन्याजवळ आपण उभे असतो. तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. हॉलमध्ये आपण बसलेले असतो आणि बसलेल्या माणसाचे डोळे जेमतेम चार फुटांवर असतात. म्हणून तिथे मध्य ५० इंचांच्या आसपास आणा. सोफ्याच्या वर लावायचं असेल तर पाठीच्या वरच्या कडेपासून सहा ते आठ इंच सोडून चित्र सुरू होऊ द्या. पहिल्यांदा फार खाली आल्यासारखं वाटेल. दोन दिवस थांबा.

जलरंगाला काच लागते, तेलरंग आणि अॅक्रिलिकला लागत नाही. काच आली की समोरची खिडकी तिच्यात दिसणारच. चित्र लावायच्या जागी आधी घरातला आरसा धरा आणि नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसा. आरशात जे दिसेल तेच काचेत दिसेल. खिडकीची जाळी आणि तिच्यापलीकडचं लख्ख आभाळ दिसलं, तर भिंत बदला किंवा कमी चमकणारी काच घ्या.

आता फ्रेम. यात मी स्वतः पोळले आहे. मेणवलीच्या घाटाचं एक जलरंगचित्र मी फार प्रेमानं आणलं होतं. माउंट नको, चित्र कडेपर्यंत दिसू दे, असं मीच म्हटलं, आणि फ्रेमवाल्यानंही कागद सरळ काचेला टेकवून बसवला. ते लावलं पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नदीच्या भागात काचेच्या आतून काळपट ठिपके दिसू लागले. फ्रेम उघडली तेव्हा कागद काचेला चिकटला होता. सोडवताना पाण्याचा निळा रंग काचेवर राहिला. ते चित्र परत मिळालं नाही, आणि ती चूक कुणाचीही होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माउंट म्हणजे नुसती शोभेची पांढरी चौकट नव्हे. तो कागद आणि काच यांच्यामध्ये हवेची फट ठेवतो. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही आम्लविरहित मागा. साधा माउंट काही वर्षांत कापलेल्या कडेला तपकिरी होतो आणि तो डाग चित्रावर उतरतो. चित्र गोंदानं किंवा सेलोटेपनं चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांवर टांगलेलं असावं. माउंटचा रंग पांढरा किंवा फिकट सायीचा पुरे. मागची बाजू कागदी टेपनं पूर्ण बंद करून घ्या, कारण कसर फटीतूनच शिरते. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. हे तुकडे अगदी स्वस्तात येतात आणि चित्राचं आयुष्य वाढवतात.

भिंतीचीही जात पाहा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती आधी ओल धरतात. कागदावरचं चित्र नेहमी दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर लावा, आणि त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर नाही ना, ते बघा. हवेतली आर्द्रता बरेच दिवस सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टात कोकण किनाऱ्यावर ती बहुधा ऐंशीच्या पुढेच असते. नव्या टॉवरमधल्या मिवानच्या काँक्रीट भिंतीत खिळा शिरत नाही, तिथे हॅमर ड्रिल लागतो. हलक्या सिपोरेक्सच्या विटांत खिळा लगेच शिरतो पण धरत नाही, तिथे त्या विटांसाठी मिळणारे प्लग घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर कड्या आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर असतो, देवघराशेजारी उदबत्तीची काजळी. दोन्ही ठिकाणी चित्र नको.

उन्हाचं नुकसान हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. संग्रहालयात जलरंगांवर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. दिवसातून अर्धा तासही ऊन थेट पडत असेल तर ती जागा जलरंगासाठी बाद समजा. सगळ्यात आधी उडतात ते गुलाबी-लाल. अलिझरिन क्रिमझन वापरून रंगवलेली संध्याकाळ काही वर्षांत फिकी दुपार होते. चांगल्या रंगांच्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते. कुठले रंग वापरलेत, हे चित्रकाराला बिनधास्त विचारा. रात्रीसाठी उबदार पांढरा एलईडी पुरे. रंगांची अचूकता दाखवणारा सीआरआयचा आकडा ९० च्या वर असलेला घ्या, नाहीतर हिरवे रंग मेल्यासारखे दिसतात.

दर वर्षी मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, चित्र उतरवून मागची बाजू बघा: टेप सुटलाय का, कडी गंजलीय का, कसरीनं कागद खाल्लाय का. काच पुसताना फवारा काचेवर मारू नका, फडक्यावर मारा. गणपतीच्या आराशीसाठी चित्र हलवणार असाल तर ते कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. जुनी धुतलेली सुती चादर उत्तम. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे.

खरेदी करताना सहीबरोबर एक चिठ्ठी मागा: चित्राचं नाव, माध्यम, माप, वर्ष, आणि पैसे मिळाल्याची पावती. तयार चित्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क आपल्याला मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो चित्रकाराकडेच राहतो, म्हणून दिवाळीच्या भेटकार्डावर चित्र छापायचं असेल तर त्याला विचारा. आणि घरात पणजोबांच्या वेळचं, शंभर वर्षांहून जुनं चित्र असेल तर ते परदेशी न्यायचा विचार करू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं त्याला बंदी आहे. भावाबद्दल एवढंच: भाजीसारखी घासाघीस करू नका. परवडत नसेल तर मोकळेपणानं सांगा, दोन-तीन हप्त्यांत पैसे द्यायला चित्रकार सहसा तयार असतात.

चित्रं बघायला पैसे लागत नाहीत, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. मुंबईत काळा घोड्याला १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथली प्रदर्शनं आठवड्याला बदलतात आणि आत जायला तिकीट नाही. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली कामं मांडून बसतात, तिथे त्यांच्याशीच बोलता येतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. तिच्या वार्षिक प्रदर्शनात जुन्या-नव्या हातांची कामं एका छताखाली दिसतात. कोल्हापूरला गेलात तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय चुकवू नका. पडद्यावरच्या या नटानं पावडर शेडिंगमध्ये केलेली निसर्गचित्रं त्यांच्याच बंगल्यात आहेत, म्हणजे घराच्या भिंतीवर, घराच्या अंतरावरून चित्र कसं दिसतं तेही कळतं. तुमच्या गावात कलामहाविद्यालय असेल तर त्याचं वार्षिक प्रदर्शन पाहा. विद्यार्थ्याचं पहिलं विकलं गेलेलं चित्र तुमच्या घरी असू शकतं.

पहिल्या भेटीत काही घेऊ नका. आवडलेल्या चित्राचा फोटो काढायची परवानगी मागा, तो तुमच्या भिंतीच्या त्या चार फोटोंशेजारी ठेवा, आणि दोन दिवसांनी त्याच चित्रासमोर पुन्हा जाऊन उभे राहा. वाटेत त्या चित्रातल्या वेळचं ऊन तुम्हाला आठवत होतं, असं झालं तर ते घ्या.